आफ्रिकेच्या वाटेवरची सुई

कन्हानकाठच्या आमच्या खाप्यातून कोणी केनियाचे सिंह पाहावयास निघाले, तर त्याला भीती वाटते ती सिंहाची. आमच्या मते ती डासाची वाटावयास हवी. पीतज्वर डासच पसरवितो. त्यावर खास औषध नाही, लस मात्र उत्तम आहे. तिच्या कर्त्या मॅक्स थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. दाखला नसेल त्याला परतताना सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लोकांना हा छळ वाटतो. पण तसे नाही. पीतज्वर भारतात नाही, परंतु तो वाहणारा एडिस डास आपल्या रांजणांत नि कूलरच्या टाकीत सुखाने नांदतो, डेंग्यूही त्याचाच. एक रोगी येथे उतरला, की पुढचे काम तो डास करील. तेव्हा ही सुई प्रवाशाइतकीच त्याच्या गल्लीसाठीही आहे.

हिवतापाचे निराळे. त्यासाठी प्रवाशाला गोळ्याच घ्याव्या लागतात, त्याही डॉक्टरांना विचारून. त्या निघण्यापूर्वी सुरू करावयाच्या आणि परतल्यावरही, काही तर चार आठवडे, चालू ठेवावयाच्या. घर दिसले की गोळ्या सुटतात, हे नेहमीचे. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी ताप भरला, तर "आफ्रिकेस जाऊन आलो" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.