हिरवा रंग चोरणारी गोगलगाय

गाय जन्मभर गवत खाते, तरी हिरवी होत नाही. उन्हापासून अन्न बनवणारी गवतातली हरितलवकं तिच्या पोटात पचून जातात. जपानच्या कुरोशिमा बेटाजवळ सापडलेली, जेमतेम १ सेंटिमीटरची ‘कोस्टासिएला कुरोशिमे’ ही समुद्री गोगलगाय मात्र हरितलवकं पचवत नाही, राखून ठेवते! इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या उबदार समुद्रातही ती शेवाळावर राहते, तेच खाते. शेवाळाच्या पेशीला दातानं भोक पाडायचं आणि शहाळ्यातल्या पाण्यासारखा आतला रस ओढून घ्यायचा. तिची पचनग्रंथी पाठीवरच्या पानांसारख्या उंचवट्यांत पसरलेली असते. हरितलवकं तिथल्या पेशींत साठतात आणि ऊन मिळेल तसं काही दिवस काम करत राहतात. प्राण्याच्या शरीरात वनस्पतीचं यंत्र चालावं, हे खरोखर विलक्षण आहे. ते थकलं की गोगलगाय पुन्हा शेवाळातून ताजी हरितलवकं भरून घेते.