बाळंतिणीच्या खोलीतील पहिले अठ्ठावीस दिवस

घरात पाळणा हलू लागला की उपदेशांचा पूर लोटतो. आजीबाई एक सांगतात, आत्याबाई दुसरे. आणि हल्ली हातातल्या फोनवर कोणी अपरिचित गृहस्थ तिसरेच काही बजावून जातो. मग मानावे कोणाचे? गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरच्या सूनबाईस हा प्रश्न जितका पडतो, तितकाच पुण्यातील पदवीधर मातेसही पडतो. त्याच्या उत्तरासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. गोंदियाच्या शेजारी, गडचिरोली जिल्ह्यात, त्याचा पडताळा पाहून झालेला आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने 1986 मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था काढली. तेथील 39 खेड्यांत त्यांनी गावच्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, जन्मतः गुदमरलेल्या अर्भकास श्वास देणे आणि जंतुदोष झाल्यास औषध टोचणे, एवढी विद्या. आरंभी तेथे हजारी सुमारे 62 अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत; तीन वर्षांत ती संख्या 25 च्या आसपास आली. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत मात्र अशी घट दिसली नाही. हा वृत्तांत 1999 मध्ये 'लॅन्सेट' ह्या नामांकित वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. पुढे 2011 पासून सरकारने ही पद्धत देशभर घेतली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्याचे मूळ हे. सुशिक्षित घरांतून त्यांना कित्येकदा दारातूनच परत लावले जाते, हे आम्हांस मुळीच रुचत नाही.

आजीबाईंचे सारेच मोडीत काढावे, असे आमचे मत नाही. बाळंतिणीची खोली उबदार ठेवण्याची त्यांची दृष्टी शास्त्राला धरूनच आहे. वाईट तो शेगडीचा व धुरीचा धूर. हलक्या हाताच्या मालिशीसही हरकत नाही. परंतु जन्मताच न्हाऊ घालणे टाळावे, निदान एक दिवस तरी. कारण नवजात बाळ फार लवकर गार पडते. त्याला पुसून कोरडे करावे व आईच्या उघड्या छातीशी धरावे. पहिल्या तासातच अंगावर पाजावे. घट्ट पिवळसर चीक पिळून टाकणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षणच फेकून देणे होय. मधाचे बोट, गुळाचे पाणी, घुटी ह्यांपैकी काहीही नको. मधातील जंतूंमुळे वर्षाच्या आतील मुलास घातक विकार जडू शकतो. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये. नाळेस हळद, राख, तेल न लावता ती कोरडी राहू द्यावी. डोळ्यांत काजळ घालू नये.

आता लसीविषयी. ही महाराष्ट्रास नवखी गोष्ट नव्हे. हिंदुस्थानातील देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईतच एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. आज जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब व कावीळ-ब ची लस देतात, ही शेवटची शक्य तो चोवीस तासांच्या आत. पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या फेऱ्यांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींची एकत्रित लस, पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस येतात. फुप्फुसदाहाविरुद्धची लस सहा व चौदा आठवड्यांनी आणि पुन्हा नवव्या महिन्यात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. टोचल्यावर एकदोन दिवस कणकण येते, त्यास भिऊ नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन फुटतो. तो आपोआप बरा होतो, त्यावर मलम नको. साध्या पडशासाठी लस पुढे ढकलू नये, आणि तारीख चुकलीच तर आरंभापासून सुरुवात न करता राहिलेली मात्रा घ्यावी.

बाळ पिईनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग गार वा तापलेले लागले, श्वास मिनिटाला साठ वा अधिक चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला, तर वडिलधाऱ्यांच्या संमतीची वाट पाहत बसू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईतो बाळास आईच्या छातीशी उबेत धरून ठेवावे.