मिठाला पाणी सुटतं तेव्हा

जुलैत तारापूरच्या किनाऱ्यावर मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ ओलं लागतं. शुद्ध मिठाचा एक ठरलेला आकडा आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतली वाफ ओढून घेतं आणि तिच्यातच विरघळू लागतं. पुस्तकांवरच्या बुरशीचाही असाच आकडा आहे, आणि तो याच्याही खाली, साधारण ६५ ते ७०. मिठाला पाणी सुटेपर्यंत कपाटातल्या बुरशीची सोय झालेली असते!

बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात, पुस्तकावर वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. कागदात पुरेशी ओल मुरली की ते जागे होतात. त्यांचं खाणं म्हणजे कापडी बांधणीतली कांजी, पुठ्ठा आणि कण्यातली खळ. म्हणून तर जुने बाइंडर खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालत. तांब्याचा तो क्षार बुरशीला आणि किडीला मानवत नाही.

खरी गंमत भिंतीपाशी आहे. समजा, वाचनालयाची खोली २७ अंशांची आहे आणि आर्द्रता ६५ टक्के. बाहेरची भिंत जेमतेम साडेतीन अंशांनी थंड असली, तरी तिला लागून असलेल्या हवेत हीच आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो, हवा फक्त गार झालेली असते. त्यातून समुद्राकाठच्या जुन्या चुन्याच्या भिंतीत खारं वारं मीठ भरून ठेवतं. समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं. पाऊस ओसरल्यावरही अशी भिंत ओली राहते ती यामुळे. ग्रंथप्रदर्शनाची काचपेटी नेमकी अशाच भिंतीला टेकवलेली दिसली की माझा जीव खाली-वर होतो.

जैन ग्रंथभांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झटकण्याची, त्यांना वारा देण्याची रीत आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते. शास्त्राला यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता.

पण भर पावसात पुस्तकांना हवा मिळावी म्हणून खिडक्या सताड उघडणं घातक. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. पेटी घट्ट बंद होणारी हवी, आत सिलिका जेल हवं आणि ते रंग बदलताच तापवून कोरडं करायला हवं. डांबरगोळ्या कसरीला पळवतात, बुरशी थांबवत नाहीत. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका. ते पुस्तक इतरांपासून वेगळं करा, सावलीत सुकू द्या आणि मग तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.

आपल्या गावच्या वाचनालयाला यंदा काही द्यायचं असेल, तर एक छोटं आर्द्रतामापक द्या आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला हात लावा.