मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटरचा हिशेब आणि घड्याळाचा

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यावर पट्टी ठेवली, तर रेघ सौदी अरेबिया, लिबिया, अल्जीरिया करत अटलांटिकमध्ये उतरते. मग सीटसमोरच्या पडद्यावर विमान पार उत्तरेकडे चढलेलं दिसलं, की 'एवढा वळसा कशाला?' हा प्रश्न ठरलेला. खरं तर वळसा पट्टीच्या रेघेला पडतो. त्या वाटेने सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो रशिया, फिनलंड, आइसलंडवरून जाईल आणि अंतर भरेल सुमारे १२,५४०.

म्हणजे ताशी ९०० ने भागलं, चौदा तासांत पोहोचलो? तेवढं सोपं नाही. १२,५४० हा दोऱ्याचा आकडा आहे. विमानाला आकाशही मोकळं मिळावं लागतं. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं.

'पृथ्वी फिरते, म्हणून परतताना वेळ वेगळा लागतो', असंही अगदी ठामपणे सांगितलं जातं. मुंबईची जमीन पूर्वेकडे ताशी जवळपास १,५८० किलोमीटर वेगाने फिरते हे खरं, पण हवाही तिच्यासोबतच फिरते. फरक पाडतो तो साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा झोत, म्हणजे जेट स्ट्रीम. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान या वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्याला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. म्हणूनच अमेरिकेला जाणं लांबतं आणि परतणं लवकर उरकतं.

सगळ्यात मजेशीर किस्सा एअर इंडियाचा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. वारा पाठीशी होता ना!

उरला तिकिटावरचा घोळ. समजा, जुलैत मुंबईहून रात्री दीडला निघून न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरायचं आहे. हा प्रवास सहा तासांचा नसून साडेपंधरा तासांचा आहे, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. हिवाळ्यात तर साडेदहा. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची मिनिटंही त्यात धरलेली असतात. तेव्हा तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नका, एकूण प्रवासवेळेचा रकाना तेवढा नीट वाचा.