मैफल हलवताना

म्हैसूरच्या दसऱ्यात तरुणांची सर्वांत मोठी गर्दी खेचणारा कार्यक्रम म्हणजे युवा दसरा. वर्षानुवर्षे तो महाराजा कॉलेजच्या मैदानावर, शहराच्या ऐन मध्यावर व्हायचा. २०२४ साली तो तिथून उचलला आणि चामुंडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, रिंगरोडलगतच्या उत्तनहळ्ळीत नेला. त्या ऑक्टोबरात श्रेया घोषाल, ए. आर. रहमान, इलयराजा यांचे कार्यक्रम तिथल्या मोकळ्या माळावर झाले. २०२५ च्या सप्टेंबरात अरिजित सिंह आले.

कार्यक्रम हलवण्यामागची अडचण खरी होती. दसऱ्याचे दहा दिवस म्हैसूरचे रस्ते आधीच तुडुंब असतात. त्यात असे नामवंत गायक म्हटल्यावर मैदान भरून गर्दी फाटकाबाहेर सांडते, गाड्यांना जागा उरत नाही, आणि एखादी रुग्णवाहिका अडकली तर तिला वाट कोण काढून देणार? उत्तनहळ्ळीला जागा ऐसपैस आहे. रिंगरोडमुळे बाहेरगावच्या गाड्यांना शहरात शिरावेही लागत नाही. एवढ्या हिशेबावर निर्णय बरोबरच ठरतो. पण मैफलीचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. मंच, दिवे, ध्वनियंत्रणा हे सगळे ट्रकमध्ये घालून नेता येते. श्रोता स्वतःच्या पायांनी यावा लागतो.

हा फरक मला जयलक्ष्मीपुरममध्ये नीट कळला. म्हैसूरला गेलो की माझा मुक्काम याच भागात असतो. एका बाजूला ओंटीकोप्पल, दुसरीकडे गोकुळम, आणि हुणसूर रस्ता ओलांडला की म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर. मानसगंगोत्री हे नाव कन्नड कवी कुवेंपूंनी दिलेले. त्यांचे ‘उदयरवी’ हे घरही या भागातच आहे. मानसगंगोत्रीत विद्यापीठाचे खुले रंगमंदिर आहे. कन्नडात त्याला ‘बयलु रंगमंदिर’ म्हणतात. मंचाकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर आभाळ, भोवती झाडी. दसऱ्याच्या आधी इथे ‘युवा संभ्रम’ होतो. संभ्रम म्हणजे कन्नडात आनंदसोहळा. ठिकठिकाणच्या कॉलेजांची पोरे येतात आणि समूहनृत्ये सादर करतात. आपली मुले मंचावर आहेत म्हणून आईबाप येतात, जेवणे उरकून जयलक्ष्मीपुरममधली म्हातारी माणसे येतात, आणि कंटाळा आला की उठून चालत घरी जातात. उत्तनहळ्ळीहून असे मधेच उठून घरी जाता येत नाही. तिथे जायचे तर संध्याकाळच नव्हे, परतीची रात्रही हाताशी राखावी लागते.

म्हैसूरला जागा बदलण्याची आणि पुन्हा बांधण्याची सवय जुनी आहे. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नसोहळ्यात जुना लाकडी राजवाडा जळाला. आजचा राजवाडा हेन्री अर्विनच्या आराखड्याप्रमाणे त्याच ठिकाणी उभा राहिला आणि १९१२ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात दरबार जगनमोहन राजवाड्यात भरे. नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली तो १९०२ चा समारंभही तिथलाच. आज दसऱ्यात मुख्य राजवाड्याच्या प्रांगणात, लाखाच्या घरातल्या दिव्यांसमोर, संध्याकाळच्या मैफली होतात. एकेकाळी आत दरबारात बसणाऱ्यांसाठी असलेले गाणे असे अंगणात आले आणि कुणालाही ऐकता येऊ लागले. जागा बदलल्यामुळे झालेला हा नफा मी फार मोठा मानतो.

त्या दरबाराचे आपल्यावर ऋण आहे, आणि त्याची आठवण महाराष्ट्रात फारशी काढली जात नाही. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ म्हैसूर दरबारात होते. भास्करबुवा बखले त्यांचे शिष्य. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचेही या दरबारात जाणे-येणे होते. त्या वाटेवर हुबळी-धारवाड लागे आणि त्याच मुलखात कुंदगोळच्या रामभाऊंना खाँसाहेबांची तालीम मिळाली. हे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव हे म्हैसूरच्या वाटेवर रुजलेल्या गाण्याचेच फळ आहे. आणि जागा बदलण्याच्या प्रश्नाला या महोत्सवाने जितके तोंड दिले, तितके आपल्याकडे क्वचितच कुणी दिले असेल.

१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले. पुढच्या वर्षीपासून आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे भीमसेनजींनी त्यांची पुण्यतिथी सुरू केली. सुरुवातीचे श्रोते एका सभागृहात मावत. पुढे मांडव पडला तो शनिवार पेठेत, न्यू इंग्लिश स्कूल रमणबागेच्या मैदानावर, आणि तिथे कित्येक दशके टिकला. सतरंज्या, शाली, कानटोप्या, थर्मासमधला चहा, मांडवाबाहेर वडापावच्या गाड्यांभोवतीची चर्चा हे सगळे त्या पेठेच्या आधाराने वाढले. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतली माणसे एक राग ऐकायची, घरी जाऊन भात टाकायची आणि पुढच्या गवयाला परत हजर व्हायची. सवाईचा श्रोता म्हणून ज्याचे कौतुक होते तो चालत येणारा श्रोता होता, हे विसरता कामा नये.

आधी बदलली ती वेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात तो नियम ठामपणे उचलून धरला. सणासुदीला, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकते, त्यापुढे नाही. रात्रभर चालणारी आणि पहाटे भैरवीने उठणारी सवाई दुपारी सुरू होऊ लागली. दरबारी, मालकंस यांची भर रात्रीची वेळ गेली. ललत, तोडी ऐकत उजाडणे संपले. मुलतानी, भीमपलास, मधुवंती यांच्या वाट्याला भरला मांडव आला, ही त्यातली जमेची बाजू. तरीही नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मांडवाला लागून राहणाऱ्या आजारी माणसाची झोप कुठल्याही रागापेक्षा मोठी आहे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्या बहुतेक खुल्या मैफली शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर होतात. रमणबाग शाळा, महाराजा कॉलेज, विद्यापीठाची मानसगंगोत्री. जागा बदलण्याचा प्रश्न त्यामुळे आज ना उद्या सगळ्यांच्याच दारात येणार.

मग २०१८ मध्ये महोत्सवाची जागाही बदलली. सहासष्टावी सवाई मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात झाली. हळहळ पुष्कळ झाली. पेठेतले अनेक वृद्ध त्या वर्षी आले नसतील, कारण मुकुंदनगर त्यांच्या पायांच्या टप्प्यात नाही. पण महोत्सव मोडला नाही. कोरोनाचा खंड पडला, २०२२ च्या डिसेंबरात मांडव पुन्हा तिथेच पडला आणि भरला. माझ्या मते त्याचे कारण असे की जागेबरोबर रीत मोडली नाही. खाली भारतीय बैठक राहिली, बाहेरचे खाणे राहिले, नवोदितांपासून बुजुर्गांपर्यंतची चढण राहिली, आणि शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका वाजली की उठायचे हेही राहिले. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मुकुंदनगरजवळच्या स्वारगेटपर्यंत येते. जी सोय जागा बदलताना हवी होती ती सहा वर्षांनी आली, एवढीच खंत.

माळावरची मैफल कानाला कशी लागते, हेही पाहिले पाहिजे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्याला गवयाचा सूर पाव सेकंदाहून थोडा अधिक उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे तबलजीचा हात समेवर पडलेला दिसतो आणि ‘धा’ अर्धी मात्रा उलटून गेल्यावर ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणून मागे आणखी कर्णे लावले आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडला नाही, तर मंचाचा आणि जवळच्या कर्ण्याचा असे दोन आवाज कानात भांडतात. गाण्याचे शब्द चोळामोळा होतात. ढोल-गिटारच्या दणक्यात हे खपून जाते. ख्यालात, सारंगीत खपत नाही.

शिकागोने हाच प्रश्न मुळापासून सोडवला. तिथल्या ग्रँट पार्कमध्ये १९३५ पासून उन्हाळी संगीत महोत्सव भरतो. २००४ मध्ये तो जुन्या पेट्रिलो मंचावरून जवळच्याच मिलेनियम पार्कमध्ये, फ्रँक गेरीने आखलेल्या प्रिट्झकर पॅव्हेलियनमध्ये गेला. समोर सुमारे ४,००० खुर्च्या, त्यांच्या मागे हिरवळीवर ७,००० माणसांची सोय, आणि हिरवळीच्या डोक्यावरून पोलादी नळ्यांची मोठी जाळी. त्या जाळीवर कर्णे टांगलेले, प्रत्येकाचा आवाज अंतराच्या हिशेबाने उशिरा सुटणारा. हिरवळीवरच्या माणसाला वाद्यवृंद समोरच वाजतोय असे वाटते, आणि हिरवळीवर बसायला पैसे पडत नाहीत. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे की मंच नवा झाला, पण शहराच्या मध्यातून हलला नाही. तिथवर पायी आणि आगगाडीने येता येते.

इकडे उत्तनहळ्ळीला पुढच्या जागांची तिकिटे हजारो रुपयांची असतात. पैसे देऊन आलेल्याला स्पष्ट आवाज मिळणारच. कस लागतो तो शेवटच्या लोखंडी कठड्यामागे फुकट उभ्या असलेल्या पोराच्या बाबतीत. त्याला शब्द नीट ऐकू आले का, आणि रात्री परत जायला बस मिळाली का? नवे मैदान यशस्वी झाले की नाही हे या दोन प्रश्नांवरून ठरवावे.

युवा दसरा पुन्हा महाराजा कॉलेजच्या मैदानावर आणा असे मी म्हणत नाही. ती गर्दी शहराच्या मध्यात आता मावणार नाही. पण माझ्या मते मोठ्या दणक्याचे कार्यक्रम माळावर जावेत आणि ज्या मैफलींना जवळचा कान लागतो त्या मानसगंगोत्रीच्या पायऱ्यांवर याव्यात: कर्नाटक संगीत, हिंदुस्थानी संगीत, वीणा, बासरी, आणि त्याही दहाच्या आत संपणाऱ्या. शेजारीच कुक्करहळ्ळीचे तळे आहे, त्यावर पाखरांची वस्ती आहे. तिथे दणदणाट नकोच. आणि उत्तनहळ्ळीचा कार्यक्रम जाहीर करताना कलावंतांच्या नावांखाली बसचे वेळापत्रक छापावे, शेवटची बस कार्यक्रम संपल्यावर तासाभराने सुटणारी असावी. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात ज्यांच्या हाती अशा मैदानांचे निर्णय आहेत त्यांनीही जागा ठरवण्यापूर्वी एकदा तिथे संध्याकाळी चालत जाऊन आणि रात्री दहाला चालत परत येऊन पाहावे, एवढी विनंती.