मग काय झालं?

यावलकडच्या पहिलीच्या वर्गात नुसतं कान देऊन बसा. कुणाच्या घरी लेवा बोली, कुणाच्या घरी तडवी, सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्याच्या घरी पावरी, तर आमच्या मोहल्ल्यातल्या पोराच्या घरी उर्दू वळणाचं बोलणं. पुस्तकातली मराठी प्रत्येकाला थोडी परकीच. ‘वाच’ म्हटलं की पोर गप्प होतं आणि आपण त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे होतो.

त्याला बोलतं करण्याचा साधा उपाय म्हणजे गोष्ट. साने गुरुजी १९२४ ते १९३० आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला शिक्षक होते. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, तीही रोज रात्री मित्रांना सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. समोर ऐकणारं माणूस असलं की शब्द सुचतात.

म्हणून गुरुजींनी सांगावं आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकावं, एवढ्यानं भागत नाही. गोष्ट ऐन रंगात आली की थांबावं आणि विचारावं, ‘मग काय झालं?’ मूल आपल्या बोलीत सांगेल. मध्येच त्याचे शब्द सुधारू नयेत. सांगणं तिथंच तुटतं. त्याची दोन वाक्यं तशीच फळ्यावर लिहावीत, खाली पुस्तकी मराठीत लिहावीत आणि त्यालाच वाचायला सांगावं. स्वतःचंच बोलणं वाचताना भीती कसली? पुस्तकाची वाट तिथूनच सुरू होते.

आणि तात्पर्य विचारण्याची घाई नको. उद्याची गोष्ट कोण सांगणार, एवढंच विचारा.