भोंगा थांबला, भाव चढला

मुंबईत लोअर परळच्या जुन्या चाळीत आजही सामायिक गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत असतात. कठड्याला टेकून मान वर केली, की समोर काचेचा टॉवर.

अशा बदलाला 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये हा शब्द वापरात आणला. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये त्यामागचं गणित मांडलं: जागेतून आज मिळणारं भाडं आणि मिळू शकणारं भाडं यांतली दरी वाढली, की पैसा तिकडे धावतो.

लोअर परळ ज्यात येतं त्या गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यात, ही दरी प्रचंड होती. जानेवारी १९८२ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. उरली ती शहराच्या मध्यावरची सोन्यासारखी जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिचे ढोबळमानाने तीन वाटे होते: महापालिका, सरकारी गृहनिर्माण संस्था म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटर उंच 'वर्ल्ड वन' उभा राहिला.

आजूबाजूचे भाव चढले, तरी चाळीतल्या पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणाऱ्या) भाडेकरूला भाडेवाढ फारशी छळत नाही. पुनर्विकासात नवं घर मिळतं, मग दरमहा लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकाचं बिल येतं. ते झेपेना, की फ्लॅट विकून कुटुंब दूरचं डोंबिवली किंवा विरार गाठतं.